वाचनालयाच्या वायफायची वही: पोर्ट, पीओई आणि जांभ्याच्या भिंती

१ मार्च २०२५, शनिवार

वही आजपासून सुरू करतोय, कारण मागच्या वेळी पंपाचं काम केलं तेव्हा कुठली वायर कुठे गेली ते सहा महिन्यांत विसरलो होतो.

तर विषय असा. रत्नागिरी जिल्ह्यातली आमची वाडी, वाडीत वाचनालय, वाचनालय म्हणजे कुणाचं तरी जुनं घर जे मुंबईकर मंडळींनी वाडीला देऊन टाकलं. गेल्या वर्षी फायबर आलं, ओटीवर डबा बसला, आणि तेव्हापासून एकच रड, ओटीवर बसलं की नेट पळतं आणि माजघरात गेलं की मेलं. आणि स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात माजघरातच, कारण मार्चपासून ओटीवर बसवत नाही, आत गार असतं.

आज फोनवर सिग्नल मोजायचं अ‍ॅप घेऊन घरभर फिरलो. ओटीवर उणे ४५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), माजघराच्या उंबऱ्यात उणे ५८, आत टेबलाशी उणे ७५, मागच्या पडवीत उणे ८३ आणि तिथे ५ गिगाहर्ट्झ तर दिसतच नाही. आकडे बघून फार वाटत नाही पण हा हिशोब साधा वजाबाकीचा नाही, दर ३ डीबीला ताकद निम्मी आणि दर १० डीबीला दहावा हिस्सा, म्हणजे ओटी ते टेबल या तीस डीबीत सिग्नल हजारावा हिस्सा उरला. गुन्हेगार शोधायला लांब जायला नको, मधली भिंत जांभ्याची आहे, दाराच्या चौकटीत टेप लावून मोजली, दीड फूट. आणि बाहेरून पावसाळ्यात ओल खाल्लेली.

तात्या (वाचनालयाच्या चाव्या, हिशोब आणि मतं सगळं त्यांच्याकडे) म्हणाले, "अरे त्यापेक्षा चार शिंगांचा मोठा आण ना एक." म्हटलं तात्या, शिंगं आठ असली तरी भिंत तीच आहे, आणि राउटर ओरडून उपयोग नाही, फोनला पण उलट ओरडता आलं पाहिजे, फोनची ताकद तेवढीच राहणार. रिपीटर आधी लावून झालाय कुणीतरी, तो पण माजघरात, जिथे सिग्नल मेलेला तिथेच. मेलेला सिग्नल ऐकून मेलेलाच पुढे सांगणार तो.

ठरलं असं: ओटीवरून वायर नेऊन माजघरात छताला एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वायफायने वाटणारा डबा), अंगणासाठी पडवीत दुसरा, आणि पैसे उरले तर पलीकडच्या समाजमंदिरात तिसरा. प्रत्येकाला स्वतःची वायर. हवेतून हवेत काही नाही.

८ मार्च, शनिवार

पुण्यातच आहे, सामान आलं, टेबलावर मांडून बसलोय.

माजघरासाठी नवीन सीलिंगचा घेतला, पांढरी थाळी असते तसला. पडवीसाठी मित्राकडचा जुना आउटडोअर, उभी नळी टाइप, फुकट. दोघांच्या पोर्टच्या बाजूचा फोटो काढून ठेवला आणि हे काम सगळ्यांनी करावं, कारण थाळी एकदा छताला चिकटली की पोर्ट वर तोंड करून बसतात, मग शिडीवर चढून मान मोडून बोटाने चाचपडत बसा.

थाळीच्या पाठीवर खाचेत काय काय आहे ते लिहून ठेवतो. एक आरजे४५ (लॅनच्या वायरीचं चौकोनी भोक), त्यावर लॅन आणि पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) दोन्ही लिहिलंय, म्हणजे डेटा आणि वीज एकाच वायरीतून. दुसरा आरजे४५ सेम दिसणारा, रबराचं बूच लावलेला, त्यावर कन्सोल. यात लॅनची वायर अगदी मस्त बसते आणि काहीही चालत नाही, कारण तो नेटवर्कचा नाहीच, सिरीयल पोर्ट आहे, डबा बिघडला की कमांड द्यायला. बूच काढायचं नाही असं ठरवलंय. मग १२ व्होल्टचं गोल डीसी जॅक, ज्याला पीओई नाही त्याच्यासाठी. त्याच्या शेजारी ते वर्तुळवालं चिन्ह असतं, मधला ठिपका प्लसला जोडलेला की मायनसला, ते बघूनच अडॅप्टर लावायचा. घरात पडलेल्या अडॅप्टरांची पिन जाडीने जुळते पण आतली पोलॅरिटी जुळेलच असं नाही. मग रिसेटचं भोक, सुई खुपसून दहाएक सेकंद दाबायचं. आणि कडेला एक चपटी खाच, ती कुलपाची, लॅपटॉपला असते तशी. तात्यांना ती सगळ्यात आवडेल.

आता मुख्य भानगड. थाळी मागते ८०२.३ एटी, म्हणजे २००९ चं पीओई स्टँडर्ड, स्विचच्या (सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात तो डबा) टोकाला ३० वॅट आणि वायरीत गळून पलीकडे २५.५ वॅट पक्के. त्याआधीचं २००३ चं एएफ होतं, १५.४ वॅट आणि पलीकडे १२.९५. थाळी एएफवर पण चालू होते पण मग रेडिओची ताकद कमी करते, हे पुस्तिकेत बारीक अक्षरात. मित्राची नळी मात्र या दोन्हीतली नाही, ती २४ व्होल्ट पॅसिव्ह.

फरक काय तर स्टँडर्डवाला स्विच आधी विचारतो. वायरीवर थोडंसं व्होल्टेज सोडून बघतो की पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का, असला तरच ४४ ते ५७ व्होल्टमधलं पूर्ण व्होल्टेज देतो, नसला तर गप्प. म्हणून त्यात चुकून लॅपटॉप लावला तरी काही होत नाही. पॅसिव्ह इंजेक्टर (वायरीत वीज घालणारा छोटा डबा) विचारत वगैरे नाही, ४ आणि ५ वर प्लस, ७ आणि ८ वर मायनस, समोर कोण आहे न बघता सोडून दिलं. दिसायला दोन्हीचं भोक तेच, वायर तीच, पिन तीच. ज्याने हे असं ठरवलं त्याला एकदा आमच्या वाडीत आणून बसवायला पाहिजे.

नळीच्या इंजेक्टरला लाल टेप लावली. थाळी त्या लाल टेपवाल्यावर कधीच नाही.

१५ मार्च, शनिवार

शिमगा. पालखी घरोघर फिरतेय, वाडीत एक माणूस शिडी धरायला मिळणार नाही. मी पण गेलो नाचवायला. काम शून्य.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, जेवलो, दुपारी वायर ओढली. केबल तालुक्यातल्या एका दुकानातून आणलेली, खोक्यावर कॅट६ (गिगाबिट चालणाऱ्या लॅन केबलचा दर्जा) छापलेलं, भाव ऐकून खूश झालो होतो तिथेच कळायला हवं होतं. खोकं उचललं तर हलकं. पुतण्या एका हाताने घेऊन शिडी चढला.

ब्लेडने एका तारेवरचं तांबं खरवडलं, आत पांढरं. म्हणजे सीसीए, अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. याचं दुखणं दोन प्रकारचं. रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे पीओईची वीज वाटेतच उष्णतेत जाते. आणि तार वाकवली की मोडते, तांब्याची वळते ही तुटते, वरून इन्शुलेशन धडधाकट असतं त्यामुळे कळत पण नाही.

हे सगळं माहीत असून मी काय केलं, तर आज सणाला दुकान बंद, परवा पुण्याला जायचंय, म्हणून तीच ओढली. ४२ मीटर. "बघू" म्हणून.

रस्ता: ओटीवरच्या कपाटातून वर, माळ्यावरून, मधल्या भिंतीला पूर्वीच्या कुणीतरी वायरिंगसाठी पाडलेलं भोक होतं त्यातून माजघरात. जांभ्यात नवीन भोक पाडायची वेळ आली नाही ते बरं झालं, जांभा ड्रिलला मऊ लागतो पण मध्ये एखादा कडक खडा आला की बिट भरकटतं आणि पलीकडे वाटीएवढा खळगा पडतो. भिंतीवर जिथे उतरते तिथे पीव्हीसीची केसिंग पट्टी. वायरमन दादांचं म्हणणं होतं की लाइटच्या पट्टीत जागा आहे त्यातच घाल, दोन पट्ट्या कशाला. नाही म्हटलं. एकतर २३० व्होल्टच्या सोबत ही नकोच, उंदराने दोन्ही एकत्र कुरतडल्या तर मग बघायला नको, आणि शेजारून लांबवर समांतर गेली की गडबड पण उचलते. एका ठिकाणी लाइटची वायर ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली.

३१ मार्च, सोमवार

क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवणं. टी५६८बी हा रंगांचा ठरलेला क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली, वायर आपल्याकडे आणि पिना पलीकडे धरून डावीकडून. पुतण्याने विचारलं, "काका, हिरवा मध्येच फोडून निळ्याच्या दोन बाजूंना का, सरळ जोड्या का नाही लावत?" ३ आणि ६ ही जोडी आहे, ४ आणि ५ ही मधली जोडी जुन्या टेलिफोनसाठी सोडलेली, ती पद्धत तशीच राहिली. रंग उलटेसुलटे केले तरी दोन्ही टोकं सारखी असली की टेस्टरचे आठही दिवे ओळीत लागतात, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. पण जोड्या फुटल्या, म्हणजे एकत्र पीळ दिलेल्या तारा वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या, की स्पीड पडतो. टेस्टरला ते कळत नाही, तो फक्त टोकाला टोक बघतो.

आठही दिवे लागले. चहा झाला. थाळी तात्पुरती टेबलावर ठेवून जोडली, चालू झाली, माजघरात उणे ४१. टाळ्या.

आणि स्पीड टेस्ट ९३. परत ९४. परत ९३. ओटीवर त्याच फोनला २८० मिळतात. ९०-९५ च्या आसपास कुणी ठाण मांडून बसलं की समजायचं लिंक १०० एमबीपीएसवर आलीय, वायफायचा काही संबंध नाही. स्विचवर बघितलं, गिगाबिटला हिरवा दिवा लागतो तिथे पिवळा. १०० ला फक्त १, २, ३, ६ या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे तपकिरी किंवा निळी जोडी गेली तर डबे आपसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात, तक्रार करत नाहीत. फोनवाल्याला वाटतं नेट चालू आहे.

पण टेस्टरचे आठ दिवे लागले होते ना? परत लावला, आठ. पट्टीत वायर वळते तिथे बोटाने जरा हलवली, सातवा दिवा गेला. सोडली, आला. तुटलेली तार टोकाला टोक लागून बसलेली होती आत, म्हणजे काल "बघू" म्हणून ओढली ती आज बघितली.

१२ एप्रिल, शनिवार

पुण्याहून शुद्ध तांब्याची कॅट६ आणली, वजनानेच कळतं. जुनी वायर दोरीसारखी वापरली, टोकाला नवीन बांधून माळ्यावरून ओढून घेतली, एका तासात झालं. लिंक हिरवी. माजघरात २७० च्या पुढे. विषय संपला, पण दिवस संपला नव्हता.

मी माळ्यावर असताना पुतण्याने मदत म्हणून नळी टेबलावर चालू करून बघायचं ठरवलं. लाल टेपवाला इंजेक्टर, त्याला दोन भोकं, एकावर लॅन एकावर पीओई. लॅनमधून वायर राउटरला, पीओईमधून नळीला, एवढंच. त्याने उलट लावली. पीओईची वायर गेली आमच्या जुन्या राउटरच्या चार नंबरच्या लॅन पोर्टात, जो समाजमंदिरासाठी राखून ठेवला होता. मला वर माळ्यावर वास आला. जळक्या बांगडीसारखा.

उघडून बघितलं नंतर. राउटरच्या आत प्रत्येक जोडीला एक ७५ ओहमचा बारीक रेझिस्टर असतो, तिळाएवढा, आणि त्यांची दुसरी टोकं एकत्र. ४-५ वर प्लस आणि ७-८ वर मायनस आलं म्हणजे २४ व्होल्ट सरळ दोन रेझिस्टरांतून वाट काढणार, १५० ओहम, ०.१६ अँपिअर, प्रत्येकाला दोन वॅटच्या जवळपास. त्या तिळाची लायकी एका वॅटच्या दहाव्या भागाएवढी. दोघे काळे ठिक्कर. पोर्ट चार मेला, १ ते ३ चालू आहेत, राउटर जिवंत.

पुतण्या रडवेला झाला होता. मी ओरडलो नाही, कारण टेप मी लावली होती ती इंजेक्टरला, ती लावायला पाहिजे होती त्या भोकाला. आता पीओईच्या भोकाभोवतीच लाल नेलपेंट फासलंय, बायकोचं, तिला अजून माहीत नाही. आणि मेलेल्या पोर्टात काळ्या टेपचा बोळा.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, सुट्टी, थाळी टांगली.

स्लॅब असता तर चार स्क्रू आणि घरी. इथे वर कौलं, मग वासे, मग अर्ध्या भागात माळ्याच्या फळ्या. आधी वाटलं माळ्यावरच ठेवू, खालून दिसणार पण नाही, तात्यांना पण तेच हवं होतं. पण थाळीचा अँटेना तोंडाच्या दिशेला आणि आजूबाजूला पसरतो, पाठीला नाही, उताणी ठेवली तर कौलांवरच्या माकडांना नेट. आणि माळ्यावर जुन्या पत्र्याच्या पेट्या आहेत, पत्रा म्हणजे वायफायला भिंत नव्हे, आरसा.

शेवटी तुळईच्या खालच्या अंगाला सागाची फळी, तिला थाळीची ब्रॅकेट. जमिनीपासून अकरा फूट. पंख्यापासून मुद्दाम चार फूट बाजूला, लोखंडी पाती मध्ये फिरत राहिली तर काय होईल याची परीक्षा घ्यायची नव्हती. तुळईला भोक पाडायला तात्या तयार नव्हते, सव्वाशे वर्षांचं लाकूड आहे म्हणे, म्हणून दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्यांनी आवळली. खरंतर हेच जास्त चांगलं झालं.

टांगायच्या आधी केलेल्या गोष्टी, पुढच्या वेळेसाठी: पाठीवरच्या स्टिकरचा फोटो, मॅक (डब्याचा नेटवर्कवरचा ओळख नंबर) आणि सिरीयल नंबर वाचता येईल असा. फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) खालीच अपडेट. वायर प्लगमध्ये घालून क्लिपचा टक् आवाज ऐकला, मग ओढून बघितली. वायरीला फळीमागे हातभर वेटोळं जास्तीचं ठेवलं, कधी प्लग परत क्रिंप करायचा झाला तर आखूड पडू नये. वेटोळं मोठं, मूठभर आवळलेलं नाही. आणि खाचेत चिकटपट्टी लावून बंद केलं कारण पाल. ज्याच्या घरात स्विचबोर्डात पाल मेलीय त्याला हे सांगावं लागत नाही.

थाळीचा निळा दिवा रात्री पोरांच्या डोळ्यात येतो अशी तक्रार तासाभरात आली. सेटिंगमधून बंद केला.

२५ मे, रविवार

मृग लागायच्या आत पडवीतलं काम उरकू असा हिशोब होता, ७ जूनपर्यंत वेळ आहे म्हणून निवांत. पाऊस मे मध्यापासूनच सुरू होता, आणि आज मान्सून कोकणात आल्याचं जाहीर पण झालं. नळी कालच घाईत लावली होती, आज सकाळी बंद.

नळी ठीक आहे. तिचा पोर्ट खाली तोंड करून आहे, वर झाकण, आत थेंब नाही. पाणी गेलं दुसऱ्या टोकाला. वायर बाहेरून खिडकीच्या चौकटीतून आत येते, बाहेरची बाजू उंच आणि आतली खाली, म्हणजे मी पावसाला चक्क पन्हळ बांधून दिली होती. थेंब वायरीला धरून घरंगळत आत, तिथून भिंतीवरून इंजेक्टरवर. नेलपेंट लावलेल्या भोकातल्या पिना हिरव्या पडायला लागल्यात. २४ व्होल्ट आणि पाणी, एका रात्रीत तांबं खातं.

झोळ द्यायला हवा होता. वायर भिंतीत शिरायच्या आधी खाली पोट सोडायचं आणि मग वर येऊन आत घ्यायची, थेंब पोटाच्या तळाशी येऊन गळून पडतो. आईने बघितलं आणि म्हणाली, "पागोळीचं पाणी कुठे जातं ते बघून कामं करावीत." चौथीत शिकलेली बाई आहे.

पिना इरेजरने घासल्या, इंजेक्टर भिंतीवरून उचलून कपाटात, वायरीला झोळ. बाहेरची वायर पण बदलली, घरातली करडी पीव्हीसी उन्हात दोन वर्षांत तडकते, त्याऐवजी काळी आउटडोअरवाली. चालू.

७ जून, शनिवार

समाजमंदिर. अंतर ७० मीटर, इथरनेटची मर्यादा १०० मीटर, म्हणजे तांब्याची वायर बसली असती. वायरमन दादा आणि मी एकदाच एका मताचे झालो, तांबं नको. दोन इमारती, दोन वेगळी अर्थिंग, मध्ये माड, आणि आमच्याकडची वीज. वीज थेट पडायला लागत नाही, जवळ पडली तरी दोन्हीकडच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक होतो आणि तो फरक नेमका आपल्या वायरीतून धावतो. काच वीज नेत नाही.

गावात केबलचं काम करणाऱ्या मुलाने फायबरची ड्रॉप केबल ओढून दिली, दोन्ही टोकं जोडून दिली, चहा आणि पेट्रोलवर. केबलमध्ये आधाराची लोखंडी तार असते ती त्याने इमारतीच्या आधीच कापली, आत आणली नाही, ते मला सुचलं नसतं.

दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा उजेड आणि लॅनची वायर यांना जोडणारे डबे) लावले, दिवा नाही. काच तपासली, टॉर्च मारून दुसऱ्या टोकाला उजेड दिसतो. कनेक्टर दोन्ही निळे, हिरवे नाहीत, ते पण जुळतंय (हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याला लावलं की मध्ये फट राहते). तासभर डोकं खाल्ल्यावर दोन्ही डबे शेजारी ठेवले, दोघांच्याही पोटावर ए. एकाच काचेतून जाणं-येणं करतात त्या डब्यांची जोडी असते, ए बोलतो १३१० नॅनोमीटरवर आणि ऐकतो १५५० वर, बी बरोब्बर उलट. दुकानाने दोन ए दिले. दोघंही १३१० वर बोलतायत आणि दोघंही १५५० वर कान लावून बसलेत. आमच्या वाडीच्या मीटिंगसारखं.

२१ जून, शनिवार

बी आला. लावल्या लावल्या दिवा.

पलीकडे तोच तीन पोर्टांचा जखमी राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून. डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम) बंद, स्वतःचा पत्ता बदलला कारण तो आणि ओटीवरचा दोघंही १९२.१६८.१.१, आणि वायर वॅनच्या (बाहेरून नेट घ्यायच्या) वेगळ्या रंगाच्या भोकात न लावता लॅन १ मध्ये. वॅनमध्ये लावली असती तरी नेट चाललंच असतं, पण तो स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडून बसला असता आणि समाजमंदिरातून वाचनालयातला प्रिंटर दिसला नसता. वॅनच्या भोकात पण टेपचा बोळा. या डब्याला आता दोन बोळे आहेत, कान दुखणाऱ्या माणसासारखा दिसतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती आले, चाकरमानी आले, समाजमंदिरात भजनाला गर्दी आणि प्रत्येकाच्या हातात फोन. खरी परीक्षा.

पहिला तास वाईट. तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःहून चॅनल निवडतात आणि तिघांनाही ६ आवडला होता. एकमेकांना न झाकणारे चॅनल तीनच, १, ६, ११, आणि डबे पण तीन, तर हाताने वाटून दिले. माजघराच्या थाळीची २.४ ची ताकद कमी केली, म्हणजे जवळचे फोन आपोआप ५ वर गेले. मग बरं झालं.

रात्री आरती संपता संपता लाइट गेली. ओटीवरचा फायबरचा डबा चालू राहिला, त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आहे, पण तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंटचं वायफाय बंद. पीओई स्विचचा अडॅप्टर ५४ व्होल्टचा, त्या छोट्या यूपीएसवर चालत नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मार्चपासून माझ्या डोक्यात "नंतर बघू" मध्ये होतं. मग अंधारात टॉर्च तोंडात धरून शिडीवर, जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर शोधला, गोल जॅकचं चिन्ह बघितलं, मधला प्लस, जुळतंय, आणि थाळी सरळ छोट्या इन्व्हर्टरवर, डेटाला फायबरच्या डब्यापासून तीच वायर स्विच वगळून. पोर्ट वर तोंड करून असल्याने बोटांनी चाचपडत होतो आणि पहिल्यांदा जे भोक सापडलं ते कन्सोलचं बूच. आठ मार्चचा फोटो पुतण्याने खालून वाचून दाखवला, "काका, डावीकडून पहिलं गोल, मग मोठं, बूचवालं तिसरं."

भजन तोवर दुसऱ्या अभंगावर होतं, कुणाला कळलं पण नाही. मुंबईच्या एका काकांनी फक्त विचारलं वरती काय करतोस.

१४ सप्टेंबर, रविवार

स्विच आता वाचनालयाच्या मोठ्या इन्व्हर्टरवर. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल, डॉक्टरटेप आणि मार्कर, मशीनचं लेबल इथल्या दमट हवेत सुटतं. पोर्टच्या बाजूचे तिन्ही फोटो प्रिंट काढून ओटीवरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, लाल भोकावर लाल बाण.

राहिलेलं: पडवीच्या नळीची अर्थिंग नीट करायची आहे, सध्याची वायर बारीक आहे. माळ्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या, तिथे वायर जीआय पाइपातून घ्यावी लागेल, दिवाळीत. कुलपाच्या खाचेत बसणारं कुलूप तात्यांनी स्वतःच्या पैशाने मागवलंय, अकरा फुटांवर कोण चोरायला येणार विचारलं तर म्हणाले, "तू चढलास ना अंधारात?"